ऑइल वाढतंय म्हणून लगेच इंजेक्टर बदलू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची, अडीच लिटरच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) डिझेल इंजिनाची फोर बाय फोर, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली. रोज पुण्यातलं येणं-जाणं, आणि अधूनमधून मावळ-मुळशीकडे चिखलातली, ओढ्यातली चढउतार. ऑइल बदलून जेमतेम अडीच हजार किलोमीटर झाले, तर गेज काडीवर ऑइल 'मॅक्स'च्या खुणेच्या वर बोटभर चढलंय आणि काडीला डिझेलचा वास येतोय. गाडी मात्र छान चालते, धूर नाही, पिकअप होता तसाच आहे. गॅरेजमध्ये सांगितलं की चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदला. तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्यात: एवढा खर्च करावा का, आणि येत्या रविवारच्या ट्रेलला गाडी न्यावी का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नेऊ नका. आत्ता जे ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, आहे त्यावर गाडी सुरूही करू नका.

चेंबरमध्ये ऑइल जास्त झालं की इंजिनाचा फिरणारा दांडा म्हणजे क्रँक त्यात आपटतो, फेस होतो. फेसाळ, पातळ ऑइल ब्रीदरच्या (चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीच्या) वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, ओढलं जातं. डिझेल इंजिनाला जळायला काय मिळतंय याच्याशी देणंघेणं नसतं. डिझेल मिसळलेलं ऑइल मिळालं तर ते त्यावरही चालतं, आणि तेव्हा त्याचा वेग ना पॅडलच्या हातात असतो ना ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या). चावी काढली तरी इंजिन थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो आणि शेवटी काहीतरी फुटतं. यालाच रनअवे म्हणतात. सपाट रस्त्यापेक्षा घाटात किंवा तीव्र उतारावर हा धोका जास्त, कारण गाडी तिरकी झाली की चेंबरमधलं सगळं ऑइल एका बाजूला जमतं. असा प्रसंग आलाच तर ट्रान्सफर केस (फोर बाय फोरचा जादा गिअरबॉक्स) हाय रेंजमध्ये असताना सगळ्यात वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. लो रेंजमध्ये हे करायला जाऊ नका, तिथे इंजिनाला इतकी ताकद मिळते की ब्रेकने गाडी आवरणार नाही. इनटेकचं तोंड हाताने बंद करायला तर कधीच जाऊ नका. म्हणून आधी ऑइल काढायचं, मग पुढचं बोलायचं. गॅरेज लांब असेल तर टोचन करून न्या.

आता खर्चाचं. तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून मी आज चार इंजेक्टर बदलणार नाही. डिझेल ऑइलमध्ये येतंय यावर वाद नाही. पण ते कुठल्या वाटेने येतंय हे कोणी पाहिलेलंच नाही, आणि वाट कळल्याशिवाय सुटा भाग बदलणं म्हणजे पैसे ओतणं.

तुमच्यासारख्या इंजिनात डिझेलला चेंबरपर्यंत पोचायला मोजून तीन वाटा आहेत. पहिली सिलिंडरमधून, पिस्टनच्या रिंगांवरून खाली. दुसरी हाय प्रेशर पंपाच्या शाफ्ट सीलमधून टायमिंग केसमध्ये (इंजिनाच्या गिअर-चेनवरच्या आवरणात) आणि तिथून चेंबरमध्ये. तिसरी टॅपेट कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आतून, म्हणजे इंजेक्टरचा काही भाग किंवा रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी) पाइप कव्हरखाली असेल आणि तिथे ओरिंग (रबरी कडं) किंवा जोड गळत असेल तर. तिन्हींची लक्षणं वेगळी असतात, आणि तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे.

इंजेक्टरचं नोझल ठिबकत असेल तर ते डिझेल आधी सिलिंडरमध्ये पडतं. इतकं पडतं की ऑइल बोटभर वाढावं, आणि तरी इंजिनाला काही कळूच नये, असं सहसा होत नाही. सकाळी सुरू करताना पांढरा धूर आणि डोळ्यांत झोंबणारा वास येतो, आयडलला एक सिलिंडर अडखळतो, टकटक ऐकू येते, लोडवर काळा धूर निघतो. पंपाचं सील गळत असेल तर यातलं काहीच होत नाही. ते सील पंपाच्या कमी दाबाच्या बाजूला असतं. रेलमधला दाब व्यवस्थित राहतो, इंजेक्टर आपलं काम करतात, गाडी मस्त पळते आणि ऑइल मुकाट्याने वाढत राहतं. तुमची गाडी मस्त पळतेय. माझा पहिला संशय पंपाच्या सीलवर आहे.

हा संशय खरा ठरायला एक अट आहे. पंप कशावर फिरतो ते बघा. तो टायमिंग केसला बोल्ट केलेला असेल आणि आतल्या गिअरवर किंवा चेनवर फिरत असेल, तर सीलच्या पलीकडे इंजिनाचं ऑइलच असतं आणि गळती सरळ चेंबरमध्ये जाते. पंप बाहेरच्या कोरड्या बेल्टवर फिरत असेल तर तेच सील बाहेर गळेल, बेल्ट कव्हर ओलं होईल, खाली डाग पडतील, पण ऑइल वाढणार नाही. एवढं बघायला बॉनेट उघडून टॉर्च मारणं पुरतं.

पण त्याही आधी मागच्या ऑइल चेंजला काय झालं ते विचारून घ्या. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी जुनं ऑइल काढलं की लिटर-दोन लिटर डिझेल ओतून इंजिन 'धुतात', थोडा वेळ आयडलला चालवतात आणि काढून टाकतात. सगळं निघत नाही. ऑइलच्या आतल्या वाटांत, ऑइल कूलरमध्ये, खोबणीत राहतं आणि नव्या ऑइलला डिझेलचा वास येतो. शिवाय मापाकडे लक्ष न देता डबा रिकामा करणारेही असतात. या दोन्हींत पातळी पहिल्या दिवसापासून जास्त असते आणि तिथेच थांबते. गळतीत ती वाढत जाते. ऑइल बदललं त्या दिवशी तुम्ही काडी बघितली होती का, हे आठवा.

पाण्याचाही संशय काढून टाका, कारण तुम्ही ओढे ओलांडता. पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ, चहासारखं दिसतं आणि फिलर कॅपखाली पिवळसर लोण्यासारखा थर बसतो. डिझेल मिसळलेलं ऑइल काळंच दिसतं, फक्त पातळ होतं. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि सकाळी ड्रेन प्लग अगदी हळू ढिला करा. मोकळं पाणी तळाशी बसतं, ते आधी येईल. आलं नाही तर डिझेलचीच गोष्ट पुढे न्यायची. दोन्ही एकत्र असण्याची शक्यताही असते. टाकीच्या ब्रीदरमधून पाणी डिझेलमध्ये गेलं की पंपाचे आतले भाग गंजतात, घासतात, आणि सीलचं आयुष्य कमी होतं. म्हणून डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणीही एका पारदर्शक बाटलीत काढून बघा.

ऑइल काढताना ते मोजा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि जवळजवळ कोणीच करत नाही. समजा इंजिनात ६ लिटर ऑइल भरलं होतं आणि ७ लिटर निघालं. म्हणजे त्यात १ लिटर डिझेल आहे, एकूणाच्या १४ टक्क्यांच्या आसपास. तपासणी प्रयोगशाळा साधारणपणे २ टक्क्यांपर्यंत निश्चिंत असतात, ५ टक्क्यांच्या पुढे ऑइल फेकायला सांगतात. ६ लिटर ऑइलमध्ये ५ टक्के म्हणजे फक्त ३०० मिलिलिटरच्या आसपास डिझेल, जे गेज काडीवर काही मिलिमीटरच दिसतं. काडीवर बोटभर दिसेपर्यंत ऑइल कधीच निकामी झालेलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. जुन्या, थोडं ऑइल खाणाऱ्या इंजिनात जेवढं ऑइल जळतं तेवढंच डिझेल येत राहिलं तर पातळी जागची हलत नाही. "दहा हजार किलोमीटरमध्ये थेंबभर टाकावं लागलं नाही" असं कौतुकाने सांगितलं जातं तेव्हा मी आधी काडी नाकाशी धरतो.

वासाबद्दल थोडं. काळं डिझेल ऑइल तसंही उग्र वासाचं असतं, त्यामुळे नाकावर सगळं सोडू नका. त्याच ग्रेडचं नवं ऑइल आणि गाडीतलं ऑइल दोन सारख्या छोट्या बाटल्यांत थोडी हवा ठेवून भरा, काही तास एकाच जागी राहू द्या म्हणजे तापमान सारखं होईल, मग दोन्ही एकदम उलट्या करा. गाडीतल्या ऑइलमधला बुडबुडा स्पष्टपणे लवकर वर गेला तर ऑइल पातळ झालंय. दुसरा प्रयोग टिपकागदाचा. एक थेंब टाकून कागद एक दिवस आडवा ठेवायचा. मधल्या काळ्या ठिपक्याच्या बाहेर, ऑइलच्या कड्याच्याही पलीकडे फिकट, पारदर्शक कडं पसरलं तर ते बहुधा इंधन. या दोन्हींतून टक्केवारी कळत नाही, दिशा कळते. आकडा हवा असेल तर १०० मिलिलिटर नमुना प्रयोगशाळेत द्या आणि १०० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी (ऑइलचा दाटपणा), फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते ते) आणि फ्युएल डायल्यूशन (मिसळलेल्या इंधनाचं प्रमाण) मागा. १५डब्ल्यू-४० ऑइलची व्हिस्कॉसिटी त्या तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या मध्ये असायला हवी. १२.५ च्या खाली गेलं की तुम्ही ४० नंबरच्या जागी ३० किंवा त्याहून पातळ ऑइलवर चालताय. फ्लॅश पॉइंटची घसरणही बोलकी असते. चांगल्या इंजिन ऑइलचा २०० अंशांच्या वर असतो, तर आपल्या मानकात डिझेलचा किमान ३५ आहे.

"मोठा रन मार, सगळं डिझेल उडून जाईल" असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. पेट्रोलच्या बाबतीत त्यात बरंचसं तथ्य आहे, कारण पेट्रोलचा मोठा भाग गरम ऑइलच्या तापमानाला वाफ होऊन निघून जातो. डिझेल साधारण १८० ते ३६० अंशांच्या दरम्यान उकळतं आणि चेंबरमधलं ऑइल १०० च्या आसपास असतं. ते जात नाही, साचतच राहतं.

आता वाट शोधायची. ऑइल आणि फिल्टर बदला, योग्य ग्रेडचं पण साधं स्वस्त ऑइल चालेल, कारण तेही लवकरच काढायचंय. पातळी अचूक 'मॅक्स'ला आणा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

मग स्कॅनर लावून चारही सिलिंडरची इंजेक्टर करेक्शन (इंजिन समतोल चालावं म्हणून ईसीयू प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल किती कमी-जास्त करतो तो आकडा) बघा. गरम इंजिनावर, आयडलला. एका सिलिंडरचा आकडा बाकी तिघांपासून ठळकपणे फटकून असेल तर इंजेक्टरवर संशय घ्यायला जागा आहे. चारही जवळपास असतील तर इंजेक्टर निर्दोष असण्याकडे पारडं झुकतं. त्यानंतर ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे) काढून त्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) टाका. निरोगी सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्यावर कोरडी काळी काजळी दिसते. ठिबकणाऱ्या नोझलखालचं पिस्टन ओलं किंवा धुतल्यासारखं स्वच्छ दिसतं. ग्लो प्लग काढलेच आहेत तर कॉम्प्रेशनही मोजून घ्या, पुन्हा उघडावं लागायला नको.

इथे एक गफलत सर्रास होते आणि बहुधा तुमच्या गॅरेजमध्येही तीच झाली असावी. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपा काढून, प्रत्येकीला मापाची बाटली लावून कोणाचं रिटर्न जास्त येतं ते बघतात. जास्त आलं की म्हणतात, "इंजेक्टर गेले, म्हणूनच डिझेल ऑइलमध्ये जातंय." ही चाचणी उपयोगी आहे, पण वेगळ्या प्रश्नासाठी. गाडी सुरू व्हायला वेळ घेत असेल, रेल प्रेशर बनत नसेल, तेव्हा ती करायची. रिटर्नचं डिझेल टाकीत परत जातं, चेंबरमध्ये जात नाही. रिटर्नची पाइप टॅपेट कव्हरच्या आत असेल आणि तिथेच गळत असेल तरच त्याचा ऑइलशी संबंध. नोझल ठिबकतं की नाही हे रिटर्नच्या बाटलीत दिसत नाही, त्याला इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवरच लावावा लागतो. रिटर्न जास्त आणि नोझल उत्तम, किंवा रिटर्न अगदी कमी आणि नोझल ठिबकतंय, दोन्ही शक्य आहे.

या कामात एक खबरदारी. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट ढिला करायचा नाही, गळती हाताने चाचपायची नाही. आयडललाही रेलमध्ये अडीचशे-तीनशे बार दाब असतो, लोडवर तो हजाराच्या पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ येते. जुन्या इनलाइन पंपाच्या काळात एकेक नट ढिला करून सिलिंडर तपासत असत, ती सवय कॉमन रेलवर चालत नाही.

आता मुख्य चाचणी. डिझेलमध्ये घालायचा अतिनील प्रकाशात चमकणारा डाय मिळतो. टाकीत ओतू नका. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये फिल्टर केलेलं डिझेल आणि डाय घ्या, पंपाची फीड आणि रिटर्न दोन्ही लाइन त्या कॅनमध्ये सोडा, कॅन सायलेन्सरपासून आणि टर्बोपासून लांब ठेवा. गाडीला टाकीत इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर कॅनमधून तसाच दाब द्यायची सोय करावी लागेल, ते अनुभवी पंपवाल्याकडूनच करून घ्या. इंजिन सुरू करण्याआधी फिलर कॅपमधून यूव्ही टॉर्च मारून बघा, कारण इंजिन ऑइल स्वतःही थोडं निळसर चमकतं. त्यावरून डायची पिवळी-हिरवी चमक वेगळी ओळखता येईल. अर्धा-पाऊण तास चालवा, बंद करा, आणि आधी टॅपेट कव्हर काढा. इंजेक्टरच्या किंवा रिटर्नच्या जोडाभोवती ताजी चमकती धार असेल तर वाट तिसरी, आणि दुरुस्ती बहुधा एखाद्या ओरिंगची. वर सगळं नेहमीचं दिसलं तर पंप काढा. ड्राइव्ह गिअरच्या मागे, शाफ्टच्या भोवती चमक दिसली की प्रश्न मिटला.

डायचा खटाटोप नको असेल तर पंप सरळ चांगल्या डिझेल पंपवाल्याकडे द्या. तोंडं बंद करून, हलक्या दाबाची हवा देऊन, पंप डिझेलात बुडवला की शाफ्टपाशी बुडबुडे येतात की नाही ते दोन मिनिटांत दिसतं. सील बदलताना शाफ्टवर खोबण पडली आहे का आणि बुश ढिला आहे का, हे बघायला सांगा. शाफ्ट हलत असेल तर नवं सीलही फार टिकणार नाही. पंप काढण्याआधी टायमिंगच्या खुणा बघून ठेवा. बऱ्याच कॉमन रेल इंजिनांत पंपाचं टायमिंग जुन्या पंपांइतकं नाजूक नसतं, पण सर्व्हिस मॅन्युअल काय म्हणतं तेच पाळा.

तिन्ही वाटा कोरड्या निघाल्या तर मग इंजिन कसं चालवलं जातं तिकडे वळा. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असेल तर इंजिन कधी पुरतं गरमच होत नाही, आणि थंड सिलिंडरच्या भिंतीवर डिझेल न जळता राहतं. कोणी ताकद वाढवायला ट्यूनिंग बॉक्स लावला किंवा रीमॅप केला (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदललं) असेल तर तो काढून मूळ मॅपवर या आणि पुन्हा मोजा. तासन्तास आयडल हेही कारण असतं, पण त्याने अडीच हजार किलोमीटरमध्ये बोटभर ऑइल वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

ज्यांच्या गाड्या १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल आहेत त्यांनी मात्र हा क्रम उलटा धरावा. तिथे पहिला संशय डीपीएफवर. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी बहुतेक इंजिनं सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात आणि त्यातलं काही भिंतीवरून खाली उतरतं. लो रेंजमध्ये दिवसभर रांगणं आणि शहरात पाच-पाच किलोमीटरचे फेरे, या दोन्हींत ही प्रक्रिया अर्धवट तुटते, पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, आणि दर वेळी थोडं डिझेल चेंबरमध्ये जातं. स्कॅनरवर मागच्या पूर्ण झालेल्या रीजनरेशनला (काजळी जाळण्याच्या प्रक्रियेला) किती किलोमीटर झाले आणि किती अर्धवट राहिले ते बघा. ट्रेलवरून परतताना द्रुतगती मार्गावर सलग अर्धा तास एका चालीत चालवलं तर पुष्कळ फरक पडतो. आधी साचलेलं डिझेल त्याने जात नाही, ते ऑइल बदलूनच काढायचं.

जुनी पेट्रोल जीप किंवा कार्ब्युरेटरची जिप्सी असलेल्यांनी इंजिनावर बसवलेल्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचा डायफ्राम आधी बघावा. तो फाटला की पेट्रोल सरळ इंजिनात उतरतं. तिथे ऑइल काढताना आसपास शेगडी, वेल्डिंग, विडी-सिगारेट काहीही नको, आणि चेंबरच्या ऑइलचा तापवून प्रयोग तर मुळीच नको.

दुरुस्ती झाल्यावर तपासणीचं स्वस्त ऑइलही काढा. नव्या फिल्टरसह चांगलं ऑइल भरा आणि ५०० किलोमीटरला, मग १,००० ला, मग २,००० ला काडी बघून फोन कॅमेऱ्यात फोटो ठेवा, दर वेळी त्याच सपाट जागी. पहिल्या ५०० ला पातळी केसभर जरी वर सरकली तरी आणखी एखादी वाटही उघडी आहे असं समजून पुन्हा बोरस्कोपकडे या. काढलेला जुना ऑइल फिल्टर फेकू नका. तो कापून घड्या उलगडा आणि उन्हात तिरका धरून बघा. पातळ ऑइलची पहिली झळ कनेक्टिंग रॉडच्या आणि मेन बेअरिंगना बसते. घड्यांमध्ये चांदीसारखा किंवा तांबूस धातूचा कीस दिसला, किंवा पूर्ण गरम इंजिनावर मेकॅनिकल गेज लावून आयडलचा ऑइल प्रेशर मॅन्युअलच्या आकड्याखाली आला, तर चेंबर खोलून बेअरिंगचे शेल बदलायला लगेच द्या. क्रँक अजून चांगला असताना हे काम गाडीतच होतं. क्रँकला ओरखडे पडले की इंजिन खाली उतरवावं लागतं.